जुन्या दिव्याचा पिवळा

फिलोमिनाबाई घोन्साल्विस
एकतीस वर्षं एका डोळ्याने बघतात.
नव्या मायक्रोस्कोपला दोन नळ्या, तरी एकाच.
डावा उघडा असतो, पण त्याला काही दिसत नाही,
तो नुसता सोबतीला, म्हणतात.
उजव्याखाली निळं मैदान, त्यात कुठे एखादी लाल काडी.
शंभर क्षेत्रं बघायची, कागदावर शेरा,
मग देवदाराचं तेल पुसायचं. पुढची काच.

मी शिवडीला आलो तेव्हा माझ्याकडे
बावन्न थरांचं जाळं होतं
आणि बाईंकडे अकरा हजार काचांचे फोटो,
प्रत्येकाला त्यांच्या अक्षरात: आहे. नाही. थोडे.
त्या ‘थोडे’ने माझा हिवाळा खाल्ला.

दिवसभर थर रचायचे, रात्री उतरवायचे.
एक वाट मी अशी ठेवली होती
की मूळ चित्र मधले थर चुकवून
जसंच्या तसं पुढे पोचेल;
निरोप्याने पदरचं काही घालू नये म्हणून
त्याच्या हातात चिठ्ठीच द्यावी, तसं.

मार्चमध्ये अचूकता सत्त्याण्णव टक्के झाली.
पवईत सरांनी सगळ्यांना इडल्या मागवल्या.
तो आकडा घेऊन मी वडाळ्यामार्गे
स्कूटरवरून आलो, बाईंना दाखवायला.

सोबत नकाशे होते.
जाळं जिथे रोखून बघतं, तिथे लाल.
काडीवर लाल असायला हवं होतं.
लाल होतं कोपऱ्यात,
जिथे काहीच नव्हतं,
नुसता उजेड.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
एक फोटो, दुसरा, नववा.
‘हा पिवळा आमच्या जुन्याचा,’
खिडकीतल्या पितळी यंत्राकडे हनुवटी करून म्हणाल्या.
‘नव्याला पांढरा दिवा, काम भरभर होतं.
पण शंका आली ना, की मी काच उचलते
नि जुन्यावर नेते. तिथे मला बरं दिसतं.
मग फोटोपण तिथलाच.’

मला उमजायला वेळ लागला.
पंख्याचं एक पातं ठकठकत होतं.
म्हणजे बावन्न थर, विजेचं एवढं बिल करून,
जंतू ओळखायला शिकलेच नव्हते.
शिकले होते एवढंच:
बाई खुर्चीवरून कधी उठतात.

‘मग काय झालं,’ बाई म्हणाल्या,
‘इथे शिकायला येणारी पोरंपण आधी तेच करतात.
माझ्या तोंडाकडे बघतात, मग नळीत.’

सगळे फोटो पुन्हा काढले, एकाच दिव्याखाली.
मे गेला, जून गेला.
अचूकता घसरून एकाहत्तर, मग कशीबशी अठ्ठ्याऐंशी.
इडल्या नाहीत.

ऑगस्टात एका काचेला जाळं म्हणालं, आहे.
बाईंचं अक्षर: नाही.
मी म्हटलं, चुकतंय ते, सोडा.
बाईंनी सोडलं नाही. खोक्यातून काच काढली,
फुंकर मारली, तेलाचा थेंब टाकला,
आणि उठल्या.

बावीस क्षेत्रं. चाळीस. एकसष्ट.
दारात शिपाई डबा घेऊन आला, तसाच परत गेला.
‘आहे,’ बाई म्हणाल्या. ‘थोडे.’
जणू भाजीत मीठ सांगावं, इतक्या साध्या आवाजात.

रजिस्टर ओढलं. आपली जुनी ओळ खोडली नाही,
खाली नवी लिहिली, तारीख घातली, सही केली.
काच फेब्रुवारीची. नूरजहाँ परकार, वय चोवीस,
कॉटन ग्रीन, पुढचा पत्ता अर्धा.
फोन नंबराचा शेवटचा आकडा
तीन होता की आठ, मला लागेना.
बाईंनी चष्मा लावला, काढला,
रजिस्टर खिडकीशी नेलं.

आधी तीन लावून बघितला.