मागचं वजन

अँटॉप हिलच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
बालवर्गाच्या कपाटात तांदळाची एक गोण आहे.
तिच्यात ठोकळे. कुणाच्या तरी मोठ्या झालेल्या मुलांचे,
एकमेकांत कट्‌कन बसणारे,
काहींवर दातांच्या खुणा.

मी गोण पालथी करते तेव्हा
खालच्या वर्गातले पाढे
सतरा पाचे पंच्याऐंशीवर थबकतात.

नौशीनचा मनोरा सतराव्या ठोकळ्याला पडतो.
पुन्हा सतराव्याला. पुन्हा.
ती माझ्याकडे बघते, मी खिडकीबाहेर,
समोरच्या गॅलरीतल्या चादरीकडे.
सांगू नकोस, सांगू नकोस, मी मलाच दटावते.
चौथ्यांदा ती बुडाशी चार ठोकळे जास्तीचे लावते
आणि कुणाशी काही न बोलता
अठरावा ठेवते.

शरणूला पूल हवाय.
माझी निळी ओढणी हा नाला,
आणि पलीकडच्या काठापर्यंत ठोकळे पुरत नाहीत.
म्हणून एकाच काठावरून तो पूल हवेत सरकवत नेतो.
पाचव्या ठोकळ्याला सगळं तोंडावर आपटतं.
"का रे पडलं असेल?"
"पुढे जड झालं."
मग तो मागच्या टोकावर खोडरबर ठेवून बघतो,
खडूचा खोका ठेवून बघतो,
शेवटी माझा डबा उचलतो.
मेथी, तीन पोळ्या, लिंबाची फोड.
पूल राहतो.
नाल्यावर, कशालाही न टेकता.

"हे कुणी शिकवलं तुला?"
"पप्पांची क्रेन. पुढे लांब हात असतो ना,
मागे सिमेंटच्या लाद्या.
लाद्या काढल्या तर पप्पा पडतील."
गृहपाठ सांगावा तसं सांगतो तो हे.

डी.एड.ला मला तरफ आली होती,
आकृतीसह, सहा गुणांना.
टेकू, भार, बल. पाच मिळाले,
एक बाण उलटा काढला म्हणून.
त्या आकृतीत कुणी बसलेलं नव्हतं.

मधली सुट्टी होते. डबे उघडतात.
मी हात पुढे करते तर सगळा वर्ग ओरडतो,
"बाई, नका काढू! पडेल!"

शरणू त्याची ज्वारीची कडक भाकरी मोडतो,
अर्धी माझ्या हातावर ठेवतो.
मग स्वतःच्या हातातली बघतो, माझ्या हातातली बघतो,
आणि माझ्यातला एक तुकडा
परत काढून घेतो.