उणे चाळीस

मे महिन्यातली दुपार, सक्करदरा.
टिनाच्या शेडखाली पाना हातात धरवत नाही
आणि स्कॅनरच्या काचेवर गाडी सांगते आहे:
डिझेलचं तापमान उणे चाळीस.

मी हसलो.
तेवढ्यात आकडा आपला आपणच सत्तावन्नवर आला
आणि तिथेच बसून राहिला,
खोडी काढून हाताची घडी घालणाऱ्या पोरासारखा.

"पाहा, तुमच्यापाशी आली की सिधी वागते,"
तिरपुडे सिस्टर म्हणाल्या.
कुहीच्या दवाखान्यात ड्युटी,
रोजचे जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर.
दोन गॅरेजांनी दोन सेन्सर बदलले होते.
काढलेले दोन्ही त्यांनी रुमालात बांधून आणले,
उपटलेल्या दाढांसारखे.

गिलासात पाणी तापवून मी दोन्ही बुडवले, मीटर लावला.
उष्णता चढते तसे ओहम उतरायला हवेत.
उतरले.
दोन हजारांवरून तीनशेवर, कुठे अडखळले नाहीत.
दोघंही खरं बोलत होते.

मग पर्समधून वही निघाली.
लसीकरणाची जुनी, मागची पानं कोरी,
त्यांवर तारीख, वेळ, जागा.
दिघोरी, पुलाखालून उजवीकडे. गचका.
उमरेड रोड, पंपात शिरताना. गचका, दिवा.
पाचगाव, बैल आडवा आला, उजवीकडे काढली. गचका.
चेतराम खिदळला, "गाडीचाही टेम्परेचर चार्ट काय बाप्पा!"
मी त्याला गप केलं.
सतरा नोंदी. सोळा उजव्या वळणाच्या.

उजवीकडे वळताना इंजिन आपल्या रबरांवर
किंचित डावीकडे कलतं,
झोपेत कूस बदलावी इतकंच.
आणि सोबत ओढतं
जे जे त्याला बांधलेलं असेल ते.

चेतरामला आत बसवलं. चावी चालू, नजर आकड्यावर.
वायरची जुडी चिमटीत धरून मी इंच इंच सरकत गेलो.
"जोरानं नका दाबू," सिस्टर मागून म्हणाल्या,
"शीर बोट ठेवलं की सापडते."
सत्तावन्न.
सत्तावन्न.
अठ्ठावन्न, भाऊ.
ब्रॅकेटमागे, जिथे कोणीतरी कधीतरी
प्लास्टिकची पट्टी गरजेपेक्षा जास्त आवळली होती,
"उणे चाळीस!"
सोडली: अठ्ठावन्न. वाकवली: उणे चाळीस.

पिवळ्या वायरचं कातडं अखंड.
ब्लेडनं सोललं, तर आत तांबं तुटलेलं,
टोकाला टोक टेकवून दिवस काढत होतं.
बोटावर हिरवी भुकटी आली.

दोन इंच नवी वायर, सोल्डर, वरून नळी.
आणि थोडी ढील सोडली.
ढील लागते, वळायचं असेल तर.

माझे चारशे झाले.
"सेन्सरचे सात हजार गेले," सिस्टर म्हणाल्या,
मला नाही, रुमालाला.

सतरावी नोंद मात्र अशी:
मानेवाडा चौक, सिग्नलला उभी, सकाळी अकरा वीस. दिवा.
वळण नाही, खड्डा नाही, गाडी हललीच नव्हती.
त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही.
त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली,
वही फेकली नाही, पर्समध्ये ठेवली.

महिना झाला, फोन नाही. म्हणजे बरी असेल.
त्या चौकात लाल दिव्याला थांबलो की
मी अजून शेजारच्या गाड्यांचे आवाज ऐकतो.