पील

बावीस अक्षरांची असते ती.
तिच्यात 'कर' कुठंच नाही. नुसतं 'नको'.
केंद्रकातून निरोप निघतो, हे प्रथिन बांधा, ते बांधा,
ही वाटेत त्याच्या शेपटाला बिलगते
आणि निरोप बोलायचा राहून जातो.

हे मी अब्बांना सांगत होते, सावद्याला, ओट्यावर,
मे महिन्यात, पंखा बंद.
डावा हात मांडीवर ठेवून ते बसलेले,
दुसऱ्याचा हात सांभाळायला घ्यावा तसा.
तीस वर्षं त्या खांद्यानं घड वाहिले
बागेतून ट्रकपर्यंत.
मागच्या पावसाळ्यात बांधावर पाय सरकला,
नस तुटली,
दंड उतरत गेला.

"नको म्हणून काय वाढतं?"
विचारलं, आणि स्वतःच थांबले.
पील कापणारा माणूस.
बुडाशी फुटलेली पिलं विळ्यानं साफ, एखादंच राखायचं.
घड पडला की खालचं केळफूल खुडायचं,
नाहीतर शेवटच्या फण्या भरत नाहीत.
"मंग ती विळा हाये."

थोडीफार, मी म्हटलं. पण विळे पुष्कळ
आणि त्यांच्यात एकमत नाही.
एक नंबरची पेशींना थांबवणाऱ्यालाच थांबवते,
म्हणजे मग स्नायू होतो.
एकशे तेहेतीस म्हणते, घाई नको, अजून वाढा.
एकाच कंदातून फुटलेल्या दोघी.

डिशमध्ये पोटभर खायला असलं
की पेशी नुसत्या वाढतात, एकेकट्या.
सीरम तोडलं, उपाशी ठेवलं,
की चार-पाच दिवसांत एकमेकींत शिरतात,
मधल्या भिंती विरतात, लांब दोरे होतात,
आणि एखादा दोरा, कुणी न सांगता, फडकतो.
पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रीचे अकरा,
जळगावच्या त्या मजल्यावर फक्त वॉचमन.
त्याला बोलावून दाखवलं.
भिंगात डोळा घालून म्हणाला, मच्छी आहे का?

अब्बा हसले. मग हसू आवरलं.
"आन् नस तुटली तर?"

तर दोनशे सहा.
ती वाढते. स्नायूच नसेला हाक मारतो, परत ये,
आणि हाकेच्या आड येणाऱ्याला ही गप्प करते.
उंदरांत पाहिलंय लोकांनी.
उंदरांत, मी पुन्हा म्हटलं.

त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.
उजव्या हातानं डावा उचलून
टोपलीतल्या फणीवर ठेवला.
ट्रकचा नंबर ध्यानात ठेवावा तसे
दोनदा पुटपुटले, दोनशे सहा, दोनशे सहा,
आणि विचारलं,
कधीपर्यंत येती?