तात्पुरतं

डॉन ड्रागो,
तुमच्या एक्केचाळीस यंत्रांपैकी चाळीस बोलली.

रात्री अकराला बसले.
पुंता अरेनासचा वारा तुम्हाला मी काय सांगू,
नर्स येसेनिया कोपऱ्यावरचा दोर धरधरून आली,
हॉस्पिटलचं दार लोटायला आम्ही दोघी लागलो.
मग तळघर, थर्मास, आणि नवा सर्व्हर,
अजून खोक्याचा वास असलेला.

आधी डेटाबेस. मग वेब सर्व्हर. मग तो प्रोग्रॅम.
त्याचं काम एवढंच, की रोज रात्री दोनला
प्रत्येक राउटरच्या, प्रत्येक स्विचच्या दारात जायचं,
आज कसा आहेस विचारायचं,
उत्तर अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचं
आणि कालच्या उत्तराशी ताडून पाहायचं.
तुम्ही हे वहीत करायचात. निळ्या पेनानं,
साताच्या पोटात आडवी रेघ मारून.

पान उघडलं तर पांढरं.
चूक नाही, तक्रार नाही, चकार शब्द नाही.
फाइलींचे मालक बदलून पाहिले, परवानग्या मोजल्या,
चहा गार झाला, परत मोजल्या.
लिनक्सच्या आतला पहारेकरी वाट अडवून उभा होता.
पुष्कळ जण त्याला सरळ झोपवून टाकतात,
एका ओळीचं काम असतं.
मी नाही झोपवलं. वर माणसं होती.
त्याला पाहुण्याचं नाव सांगितलं,
कुठल्या खोलीत लिहू द्यायचं तेही सांगितलं,
तेव्हा कुठे पान आलं. फिकट निळं, जरा कुरूपच.

दोन वाजले. चाळीस उत्तरं ओळीनं आली,
आणि त्यांच्या मधेमधे तुम्ही.
"डायलिसिस. विचारल्याशिवाय हात लावू नये."
"ही वायर कुठे जाते मला माहीत नाही, पण जाते."
"बाईंचं ऑफिस. तक्रार रोज."
मी एकटीच हसले.

एक्केचाळिसावा गप्प.
तो जुन्या भाषेतलाच दरवाजा उघडतो,
म्हणून उठून गेले, लॉन्ड्रीच्या बॉयलरमागे,
लॅपटॉप गुडघ्यावर, पाठीला ऊब.
नऊ वर्षं, चार महिने, अकरा दिवस
तो एकदाही बंद पडलेला नाही.
आणि त्याच्याकडे दोन उत्तरं होती.
एक, आत्ता चालू आहे ते.
दुसरं, वीज गेली तर ज्यावरून तो पुन्हा उठेल ते.
दोन्हींत एकोणीस ओळींचा फरक,
त्यातल्या एकीवर तुमची टीप:
"तात्पुरतं. उद्या काढायचं."

त्या पोर्टाची वायर छतातून वर जाते.
मी तिच्यामागून जिने चढले.
दुसरा मजला, काचेच्या पेट्या,
मूठभर माणसं, टोप्या घातलेली,
आणि त्यांचे श्वास मोजणारे हिरवे आकडे.

दर महिन्याला जनरेटरची चाचणी होते, डॉन ड्रागो,
सगळीकडचे दिवे दोन सेकंद जातात.
याचा कसा नाही गेला?
खाली येऊन पाहिलं. त्याची तार लॉन्ड्रीच्या बोर्डात नव्हतीच,
भिंतीला भोक पाडून
रक्तपेढीच्या बॅटरीला लावली होती,
वर पांढरा रंग, नीट, दोन हात.
म्हणजे उद्या उगवणार नाही
हे तुम्हाला ठाऊक होतं तर.
मग जपून का नाही ठेवलंत?
दोनच शब्द टाइप करायचे होते.

मी टाइप केले. बोट जरा थरथरलं.
ठीक आहे, म्हणाला तो,
जसं काही कधी काही झालंच नव्हतं.

तुमची टीप मात्र मी तशीच ठेवलीय.
आजपासून रोज रात्री दोनला
प्रोग्रॅम ती वाचेल, उतरवून घेईल,
कालच्याशी ताडून पाहील,
आणि लिहील, काही बदल नाही.

पोर्वेनीरला कोंबड्या पाळता असं ऐकलं.
सामुद्रधुनी शांत झाली, बोटी सुटल्या, की
एखाद्या रविवारी येईन.
त्या दुसऱ्या वायरबद्दल विचारायचंय,
ती, जी कुठे जाते ते माहीत नाही, पण जाते.