झोळ

बर्डीवरच्या दुकानात पोराने बटणाचा पट्टा दाखवला.
काकाजी, पाच मीटर जाते, दाबलं का वापस.
मी दोरी नखाने चाचपली. बुटाच्या नाडीएवढी.
पस्तीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाला
वापस येणाऱ्या दोरीची खात्री देऊ नये.

साखळीही होती, चकचकीत. हातात तोलली,
मोक्याची मान आठवली, ठेवून दिली.
शिवाय मे महिन्यात लोखंडाला हात लावायचा नसतो
हे नागपुरात जन्मलेल्या लेकरालाही कळतं.

शेवटी सुती घेतला. सहा फुटी, बोटभर रुंद.
हुक चारदा उघडून स्प्रिंगचा आवाज ऐकला,
शिवण उलटी करून पाहिली.
पोरगं म्हणालं, कुत्र्याले घेता का हत्तीले?

मोका सुनेचा.
प्रणोती त्याला माहेराहून घेऊन आली, स्कूटीवर, पुढ्यात बसवून.
पहिले दोन महिने आम्ही एकमेकांना टाळत होतो,
मी आणि मोका म्हणतोय मी.
मग तिला मिहानात पहाटेची पाळी लागली
आणि मोक्याचा मोक्या झाला.

पहिल्याच दिवशी पट्ट्याचे तीन वेढे मनगटाला मारून निघालो
आणि शंकरनगरच्या वळणावर थांबलो.
ढोबळे आठवला.
बुटीबोरीच्या लाईनवर असाच गुंडाळला होता त्याने दोर,
पक्का धरायचा म्हणून.
पुढे मुलीच्या लग्नात अक्षता टाकताना
त्याच्या उजव्या हाताची तीनच बोटं उघडली.

वेढे सोडले.
फास अंगठ्यात, उरलेला पट्टा घडी घालून मुठीत,
डावा हात मध्ये कुठेतरी, नुसता लावलेला.

पोह्याच्या बंद ठेल्याखालून चार गावठी उठली.
मोक्याने कान टाकले, छाती पुढे काढली,
आणि माझा हात आपोआप आवळला गेला.
मी आवळला की तो जास्त ओढतो, हे तेव्हा कळलं.
म्हणून मीच वळलो. आलो तसा चालू लागलो,
जसं काही घरी गॅस चालू राहिलाय.
तो आला. मागे बघत, पण आला.

दोन खांबांमध्ये तार कधी ताणून बांधत नाहीत.
डिसेंबरात आखडते, तुटते.
फार सोडली तर वाऱ्यात शेजारणीला भिडते, जाळ होतो.
मध्ये झोळ ठेवतात, मोजून.
खालून जाणाऱ्याला तो आळस वाटतो.

रविवारी प्रणोती सोबत आली. पट्टा मागितला
आणि सवयीने मनगटाला गुंडाळू लागली.
मी काही बोललो नाही,
दोन बोटं मिटून हात दाखवला फक्त.
ती थांबली. वेढा सोडला.
बाबा, कोणाची?
ढोबळेची, म्हणालो, आणि मग सगळंच सांगत गेलो
अंबाझरीच्या रस्त्यापर्यंत.

तिथे एका खांबाशी मोक्याने पाय वर केला.
हा मी उभा केलेला आहे बरं का, मी म्हणालो,
एक्क्याऐंशी साली.
ती इतकी हसली की पट्टा हलला,
पण ताणला गेला नाही.