मंगळवारी, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर
एक खोली आहे. सन्मती मगदूमच्या मामाची.
मामांचा हळदीचा व्यापार. कोपऱ्यात नमुन्याच्या पिशव्या,
त्यामुळं आमच्या सगळ्यांच्या प्रबंधांना
कडेनं थोडा पिवळा रंग.

मंगळवारी सहाला जमायचं.
नियम एकच, रिझवाना सतारमेकरनं घातलेला:
पेन आणायचं नाही. शिसपेन्सिल.
आणि खोडायचं नाही कुणाचं काही,
फक्त विचारायचं.

माझं पहिलं वाक्य होतं:
‘सदर संशोधनातून असे आढळून आले आहे की
बेदाणा शेडमधील महिला कामगारांची स्थिती
समाधानकारक नाही.’
सरांनी त्यावर बरोबरची खूण केली होती.
सरांनी सगळ्याच पानांवर केली होती,
ग्रंथसूचीच्या कोऱ्या पानावरसुद्धा.

रिझवानानं ते मोठ्यानं वाचलं.
मग पुन्हा, हळू.
तिचे अब्बा मिरजेत तंबोरे करतात.
तारेखाली सुताचा धागा सारतात,
केसभर पुढं, केसभर मागं,
आणि तार एकाएकी उघडते, बोलत राहते.
तसा धागा ती माझ्या वाक्यात सारून बघत होती.
‘आढळून आले’खाली तिनं रेघ मारली
आणि समासात लिहिलं: कुणाला?

मी चिडले. म्हटलं, असंच लिहितात.
मल्लाप्पा म्हणाला, हो, असंच लिहितात.
तो जतकडचा, घरी कन्नड;
त्याचं मराठी पुस्तकातून आलेलं, म्हणून
आमच्याहून शुद्ध, आणि सारखं घाबरलेलं.
भडंगाचा पुडा फिरत राहिला.
माझ्या दुसऱ्या प्रकरणावर तेलाचा डाग पडला,
त्यातून तिसरं दिसायला लागलं.

शनिवारी सावळजला गेले.
आई नुकतीच शेडवरून आली होती,
लुगड्याला गंधकाचा वास, बोटांच्या पेरांना चिकट गोड.
विचारलं, तुमची स्थिती कशी आहे?
ती म्हणाली, कसली स्थिती?
भाकरी थापता थापता मग आपणहून:
‘दिवसभर खाली बघून बघून
रातीला वर बघितलं की
आभाळातबी दाणंच दिसत्यात.
काळा कुठला, करपल्याला कुठला,
निवडत बसत्यात डोळं.’

ते लिहिलं. तसंच, ‘दिसत्यात’सकट.
पुढच्या मंगळवारी अडलं ते संदर्भापाशी.
आडनाव, वर्ष, ग्रंथ, प्रकाशक, पृष्ठ.
सन्मतीला नियम पाठ:
व्यक्तिगत मुलाखत म्हण, तारीख टाक.
मल्लाप्पानं पेन्सिल उचलली,
नाव देणार? शेडमालक वाचेल.
आम्ही हसलो. प्रबंध कोण वाचतं!
तो हसला नाही.
त्याची बहीण ऊसतोडीला जाते, हे त्याच्या प्रबंधात
कुठंच नाही, हे मला तेव्हा कळलं.

जिन्यात येऊन फोन लावला.
आई बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, शालन लिही.
लग्नाआधीचं. त्या नावानं
हिकडं मला कोण वळकत न्हाई.

‘शालन, वय सत्तेचाळीस, बेदाणा निवडणी.’
इतकी खरी तळटीप
त्या खोलीत कुणी लिहिली नव्हती.
मल्लाप्पा ती दोनदा वाचून
खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

महिन्यानं पानं परत आली.
सगळीकडं बरोबरच्या खुणा, आणि एका जागी नाही.
तिथं ‘दिसत्यात’भोवती लाल गोल,
बाजूला सरांच्या तिरप्या अक्षरात:
प्रमाणभाषा?

रिझवाना त्या प्रश्नचिन्हाकडं बघत राहिली.
पेन आहे, म्हणाली.
पण विचारलंय तरी.