सुट्टे

जानेवारीचा दुसरा आठवडा. पोस्टाच्या खिडकीशी
मान्दित्सा दोन बरण्या घेऊन उभी राहिली.
एकीत खारवलेल्या काकड्या, माझ्यासाठी.
दुसरीत चिल्लर.
"मोज सावकाश," म्हणाली, "मला कुठे जायचंय?"

एका वेळी शंभरच नाणी, असा नियम.
म्हणून ती चारदा रांगेत उभी राहिली.
रांगेत ती एकटीच होती.

मी मोजते. पाचावर अस्वल,
दोनावर टुना, जो आमच्या द्रावा नदीने कधी पाहिला नाही,
एकावर गाणारा पक्षी, चोच उघडी.
आणि सगळ्यात लहान नाण्यावर, एका लिपावर,
मक्याचं कणीस.
खाली पडलं तर कोणी वाकायचं नाही त्याच्यासाठी.
मका मात्र आमचाच, खिडकीबाहेर थेट हंगेरीपर्यंत.

"कुना म्हणजे जनावर, माहीत आहे ना?" ती म्हणते,
"मुंगसाच्या चणीचं. माझ्या आजोबांच्या आजोबांच्याही आधी
लोक राजाला त्याचं कातडं देत, कर म्हणून.
आता आपण नाणीच सोलून देतो."

सातला पूर्णांक पाच तीन चार पाच.
हा आकडा मी झोपेतही म्हणते, असं नवरा सांगतो.
सरकारचा भागाकार चौथ्या घरापर्यंत चोख.
पावाच्या दुकानातला भागाकार
नेहमी वरच्या अंगाला कलतो.

खोटं कशाला बोलू.
सांडपाण्याची नळी त्यांच्या पैशातून आली,
दवाखान्याचं छप्परही. निळी पाटी, बारा चांदण्या.
आणि रस्ता! इतका गुळगुळीत
की गाव सोडून जाणाऱ्याला धक्कासुद्धा लागत नाही.

साडेनऊ वर्षांपूर्वी, जुलैच्या पहिल्या रात्री,
आम्ही चौकात नाचलो होतो.
ट्रम्पेटवाला आता स्टुटगार्टात बस चालवतो.
व्हायोलिनवाली म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, ग्राझमध्ये.
बासवाला तेवढा राहिला,
गुडघ्यांमुळे.
शाळेत पहिलीला एकच पोर,
पहिला नंबर त्याचा, शेवटचाही त्याचाच.
पोस्ट आठवड्यातून तीनच दिवस उघडं.

मान्दित्साचा द्राझेन आयर्लंडमध्ये अळंबी खुडतो.
अंधारात उगवतात म्हणे, कपाळाला दिवा बांधून खुडायची.
"मी ज्या सरहद्दीला भीत होते," ती म्हणते,
"ती गेली. बरं झालं.
पण पोरगा दारातून जाताना
एकदा तरी कुणीतरी अडवायला हवं होतं गं,
कागद मागायला का होईना."

दार वाजतं. खेमराज,
महामार्गावरच्या बेकरीतला, केसांत पीठ.
घरी पैसे पाठवायचेत, पोखऱ्याच्या पलीकडे.
युरोचे डॉलर, डॉलरचे रुपये, बोटांवर मोजतो
आणि मग थांबून पुन्हा पहिल्या बोटावर येतो.
मान्दित्सा त्याला आपल्या भाषेत विचारते, हातवारे करत,
तुझ्या गावात आता कोण?
तो म्हणतो, "आमा."
हा शब्द तिला कुणी समजावून सांगितला नाही.
माझ्यासमोरची काकड्यांची बरणी
तिने उचलून त्याच्यापुढे ठेवली.
मी काही बोलले नाही.

नव्या एका युरोवर कुना बसवलाय आमच्या लोकांनी,
हट्टाने. अस्वल आलं नाही. पक्षीही नाही.

चौथी खेप. दोनशे बारा कुना, एकतीस लिपा.
अठ्ठावीस युरो अठरा सेंट.
तिने बोट घालून
ढिगातून ते कणीस बाहेर काढलं,
एक लिपा, मुठीत धरला.
"आता?"

मी पुन्हा भागाकार केला.
अठ्ठावीस युरो अठरा सेंट.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मी शिक्का मारला.